ज्या पेशींत काहीच घातलं नव्हतं

कोपर, डोंबिवली पश्चिम
१४ सप्टेंबर २०२५

रत्नदीप,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नकोस.

तुझा नंबर बदललेला आहे. तुझ्या कंपनीत फोन केला की तिथली मुलगी विचारते, कोणत्या मायक्रोस्कोपची चौकशी आहे. मी म्हटलं, माणसाची आहे. तिने मला सतार ऐकवत ठेवलं. ईमेल पाच पाठवले. पाचही तू वाचलेस. न वाचता काही ठेवणं तुला जमत नाही, एवढं मी तुला ओळखते. म्हणून आता कागद.

पत्ता तुझ्या आईने दिला. काल कल्याणला गेले होते. केशरबाईंनी दारातच विचारलं, “भांडायला आलीस ना?” मी हो म्हटलं. “मग आधी चहा घे. उपाशीपोटी भांडलं की माणूस नको ते बोलतं.” चहा होईपर्यंत त्यांनी तुझ्या घोडबंदर रोडच्या इमारतीचं नाव, मजला, घराचा नंबर, सगळं तोंडपाठ सांगितलं. तिकडे राहायला जात का नाही विचारलं तर म्हणाल्या, लिफ्टने वर गेलं की कान बसतात. निघताना म्हणाल्या, लिही त्याला, पण खोटं लिहू नकोस.

आता ऐक. तू गेल्यावर तुझ्या टेबलावर अक्षदा आली. अंबरनाथची, पीएचडी करते. सरांनी तिला तुझंच काम पुढे न्यायला दिलं. तुझ्या पेपरात लिहिलंय की पेशी सहा तास उपाशी ठेवली, की तिच्यात सगळीकडे पसरलेलं ते प्रथिन केंद्रकाभोवती ठिपक्या-ठिपक्यांनी गोळा होतं. आपण त्याला जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन जोडतो, वर लेझर सोडतो, आणि ते जिथे असेल तिथे हिरवं चमकतं. हे तुला सांगायची गरज नव्हती. पण तू आता मायक्रोस्कोप विकतोस. विकणाऱ्याला आत काय दिसतं ते लक्षात ठेवावं लागत नाही.

अक्षदाला ठिपके दिसत नाहीत. एक्केचाळीस वेळा करून झालं. तिच्या पेशी उपाशी राहतात आणि सगळीकडे सारख्याच हिरव्या दिसतात. परवा मला म्हणाली, “मॅम, एवढे उपास घडवले मी. पुण्य त्यांना लागतं की मला?” हसली, आणि मग बराच वेळ बाथरूममध्ये होती.

सर सगळ्यांसमोर म्हणतात, तिला प्रयोगाचा हात नाही. रत्नदीपला पहिल्याच वर्षी दिसले होते, असंही म्हणतात. सात नोव्हेंबरला तिची समिती बसेल. तोवर ठिपके आले नाहीत तर नोंदणी रद्द. म्हणजे तीन वर्षं गेली, आणि वर हात नसलेली मुलगी हे नाव.

एक्केचाळीस वेळा मी तिच्या शेजारी बसले आहे. चौदा वर्षं मायक्रोस्कोपच्या खोलीत ऑपरेटर म्हणून शेकडो जणांचे हात पाहिले. तिचा हात तुझ्याहून चांगला आहे.

म्हणून मी जुनं रजिस्टर काढलं. ७ ऑक्टोबर २०१९. ज्या दिवशी तुला ठिपके दिसले तो दिवस. माझ्याच अक्षरात नोंद आहे: ११.४० ते १२.१०, कंट्रोल, तीन स्लाइड. ज्या पेशींत आपण हिरवं प्रथिन घातलंच नव्हतं, त्या पेशी. त्या काळ्या दिसायला हव्यात. त्या काळ्या दिसल्या तरच बाकीच्या पेशींतला उजेड खरा. मी स्लाइड लावून दिल्या आणि दुसऱ्या मशीनवर गेले. स्क्रीनसमोर तू एकटा होतास.

पेपरात त्या तीन स्लाइडचं चित्र नाही. आज सहाव्यांदा पाहिलं. ‘कंट्रोलमध्ये ठिपके आढळले नाहीत’ असं वाक्य आहे. चित्र नाही.

ते चित्र मला पाठव. बाकी काही नको.

तुझ्या कंपनीचं कॅलेंडर सरांच्या केबिनमध्ये लागलं आहे. ऑगस्टच्या पानावर तुझे ठिपके आहेत. महिना उलटला तरी सर पान उलटत नाहीत.

विनिता

कोपर
२८ सप्टेंबर २०२५

रत्नदीप,

तुझी चिठ्ठी मिळाली. पूर्ण उतरवते, म्हणजे तुला स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या अक्षरात वाचता येईल. ‘ताई, त्या दिवसाच्या फाइल्स आता नाहीत. ठिपके खरे आहेत. पेशी उपाशी ठेवायची वेळ पुन्हा तपासायला सांगा. काळजी घ्या.’

फाइल्स नाहीत. तू घरी दोन आणि लॅबमध्ये एक अशा तीन हार्ड डिस्क ठेवायचास. बसची तिकिटं वहीत चिकटवणारा माणूस तू. तुझ्याकडे फाइल नाही हे मी ऐकून घेईन असं तुला वाटलं, याचा मला जास्त राग आला.

आणि काळजी घ्या. कसली घेऊ?

तू पहिल्यांदा खोलीत आलास तेव्हा तुला अंधारात खुर्ची सापडत नव्हती. मी तुला बसवलं. लेझर कमी ठेव, जास्त ठेवलास तर पेशी भाजतात आणि रंग विझतो, हे मी सांगितलं. चित्र सुंदर दिसावं म्हणून उजेड वाढवू नकोस, हेही. आणि कुठल्याही उजेडावर विश्वास ठेवण्याआधी काहीच न घातलेली पेशी बघ. तू ते वहीत लिहून घेतलंस. पेपर निघाला तेव्हा शेवटच्या पानावर, लहान टायपात, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ मानलेस. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते आहे. ते मला लागलं होतं. त्याचा या पत्राशी संबंध नाही, तू म्हणशील आहे, तर म्हण.

गेल्या आठवड्यात मी सरांना सांगितलं, रत्नदीपकडून कंट्रोलचं चित्र मागवा. सरांनी चष्मा काढला. “विनिता, छापून आलेल्या गोष्टीचा कंट्रोल मागतात का?” मी म्हटलं, छापून आली म्हणूनच. मग त्यांनी मला आठवण करून दिली की मी ऑपरेटर आहे आणि ऑपरेटरने मशीन चालू आहे की बंद एवढं पाहावं. अक्षदा तिथेच होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “मॅम, तुम्ही माझ्यासाठी नका बोलू ना. तुम्ही बोललात की सर माझ्याकडे बघतात.”

तुझ्या सांगण्यावरून वेळही तपासली, ती एक्केचाळिसांत धरलेली नाही. चार तास, सहा, आठ, दहा. दहा तासांनी पेशी मेल्या. ठिपके नाहीत.

एक ओळ लिहून सुटता येतं असं तुला वाटत असेल तर मला पत्र लिहायला अजून पाच आठवडे आहेत.

विनिता

कोपर
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

रत्नदीप,

ठिपके आले.

काल दुपारी. बेचाळिसाव्या वेळी. केंद्रकाभोवती, अगदी तुझ्या चित्रासारखे. कंट्रोल काळा, पूर्ण काळा. अक्षदा आधी उठून उभी राहिली, मग खाली बसली. सरांना बोलावलं. त्यांनी सगळ्या लॅबला पेढे वाटले आणि म्हणाले, हात बसायला वेळ लागतो. अक्षदाने अंबरनाथला फोन करून वडिलांना सांगितलं. ते समजले नाहीत, पण रडले म्हणे.

म्हणजे तू खरा होतास. मी तुला नको नको ते लिहिलं. तुझ्या आईलाही मनात बोलले. चूक माझी.

तरी चित्र न पाठवण्याचं कारण मला कळलेलं नाही. खऱ्या माणसाला चित्र पाठवायला काय जातं?

पण आता ते जाऊ दे. हा विषय इथे संपला. ठिपके आहेत, कंट्रोल काळा आहे, मुलगी वाचली. तूही उत्तर लिहू नकोस.

विनिता

कोपर
११ ऑक्टोबर २०२५

रत्नदीप,

विषय संपलेला नाही.

अक्षदाचा आनंद दोन दिवस टिकला. मग ती म्हणू लागली, बेचाळिसाव्या वेळीच का? मी वेगळं काय केलं? आपल्याकडे गेल्या वर्षी मशीनला नवं जोडयंत्र आलं आहे, तुझ्या वेळी नव्हतं. लेझरचा एक झटका दिल्यावर उजेड किती वेळ टिकतो ते मोजतं. तू हेच विकतोस, तेव्हा तुला आकडे माहीत असतील. जेलीफिशचं प्रथिन साधारण अडीच नॅनोसेकंद चमकत राहतं. दुसरं काही तितकंच हिरवं दिसलं तरी तितकाच वेळ चमकेल असं नाही. डोळ्याला फसवता येतं, या मोजमापाला येत नाही.

परवा, नऊ तारखेला, तिने तीच स्लाइड त्यावर लावली. पेशीत सगळीकडे पसरलेलं हिरवं अडीचच्या आसपास. ठिपके अर्ध्या नॅनोसेकंदाहूनही कमी.

म्हणजे प्रथिन जिथे होतं तिथेच आहे. ठिपके प्रथिनाचे नाहीत.

अक्षदा स्क्रीनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅम, त्या दिवशी पूजा झालेली ना इथे?”

एक ऑक्टोबर म्हणजे खंडेनवमी. लॅबची यंत्रपूजा. झेंडू, नारळ, हळदकुंकू. तिने स्वयंपाकघरातली हळद डबीत आणली, चिमूटभर काचेवर घेतली, वर आपण पेशींवर टाकतो तो ग्लिसरीनचा थेंब टाकला, खाली साध्या पेशी. ज्यांत काहीच घातलं नव्हतं. तिने लेझर सोडला. ठिपके. पेशीतल्या चरबीच्या थेंबांत हळद जाऊन बसते आणि हिरवी चमकते. अर्ध्या नॅनोसेकंदाहून कमी. आकडा जुळला.

पूजेचं ताट जगन आणतो. ताट स्लाइडच्या डब्याशेजारी ठेवू नकोस हे त्याला दरवर्षी सांगते. शिपायाला सांगून किती सांगणार?

मग मी रजिस्टर पुन्हा उघडलं आणि फोनवर २०१९ चं पंचांग काढलं. ७ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी.

आता मला कळलं की तू कंट्रोलचं चित्र का दडवलंस. त्या पेशींत काहीच घातलं नव्हतं आणि त्याही चमकत होत्या. अक्षदाचा कंट्रोल काळा आला कारण तो तिने नंतर स्वतः, हातमोजे घालून लावला. तुझा काळा आला नाही. तू तो पाहिलास, अर्धा तास पाहिलास, आणि दाबून ठेवलास. मग ‘आढळले नाहीत’ असं वाक्य लिहिलंस. त्यावर डिग्री घेतलीस, नोकरी घेतलीस, कॅलेंडर छापलंस.

एकच विचारते. ती हळद आहे हे तुला माहीत होतं, की उजेड कसला आहे हे न कळताच दडवलास? दोन्हींची किंमत वेगळी आहे. उत्तर देताना काळजी घ्या लिहू नकोस.

विनिता

कोपर
२६ ऑक्टोबर २०२५

रत्नदीप,

काल तू आलास. तू येशील असं वाटलं नव्हतं. खोपटला एसटी डेपोसमोर बसलो ते हॉटेल तूच निवडलंस, कारण तिथे इतका आवाज असतो की कोणी मोठ्याने बोललं तरी चालतं. मी मोठ्याने बोलले नाही. घरी येऊन झोपले नाही. जे तिथे बोलायला सुचलं नाही ते लिहिते.

तू म्हणालास, ती हळद आहे हे डिसेंबर २०१९ मध्ये कळलं. दोनदा पुन्हा केलंस, ठिपके आले नाहीत. मग तारीख आठवली, हळद घालून पाहिलीस. तोवर पेपर गेला होता. मी विचारलं, मागे का नाही घेतलास? तू चहाचा ग्लास फिरवत बसलास. मग म्हणालास, “ताई, मी हळदीचं नाव घेतलं असतं तर सरांनी विचारलं असतं, तुझा राग ठिपक्यांवर आहे की हळदीवर? अख्ख्या लॅबने विचारलं असतं. पूजेच्या वेळी बाहेर उभा राहणारा मी एकटाच होतो.”

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस.

तू म्हणालास, “तुम्हालाच कसं सांगणार?”

ते मला तिथे कळलं नाही. बस शीळफाट्याला अडकली तेव्हा कळलं.

त्या सकाळी तू सरांना म्हणाला होतास की मशीनच्या खोलीत हळदकुंकू नको, धूळ असते, पूजा बाहेर करा. सर हसले. तू बाहेर जाऊन उभा राहिलास. मी तुझ्यामागे आले. तुला बोलावायला आले होते असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मी म्हटलं होतं, “तुमच्यात नसेल, आमच्यात असतं. एक बोट हळदीने तुझं काय जातं?” मी आत गेले.

आणि जगनचं मी लिहिलं ते खोटं. जगन ताट दाराजवळच्या स्टुलावर ठेवतो, तिथून हलवत नाही. आरती झाली की ऑपरेटरने मशीनला हळदकुंकवाचं बोट लावायचं आणि वर्षाची पहिली स्लाइड स्वतःच्या हाताने लावायची, ही सरांची प्रथा. हातमोजे घालून देवाचं करत नाहीत असं सर म्हणाले होते, आणि मला ते आवडलं होतं. वर्षभर मशीन चालू की बंद एवढंच बघायचं, त्यात हा एक दिवस माझा असायचा. २०१९ ला मी एक नाही, तुझ्या सगळ्या स्लाइड लावल्या. त्या दिवशी फार हौस आली होती. काचेची कड बोटाने दाबून बसवली. ते बोट माझं होतं.

हे झालं माझं. आता तुझं.

डिसेंबरमधला तो एक महिना मी तुला दिला. त्या महिन्यात तू गप्प बसलास त्यात माझा वाटा आहे, सरांचा आहे, आणि मी तो नाकारत नाही. पण मार्चमध्ये पेपर छापून आला तेव्हा तू मला मिठाई आणून दिलीस. डिग्री झाल्यावर सर तुला दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा तुला कोण विचारणार होतं हळदीबद्दल? तुझ्या कंपनीच्या कॅलेंडरसाठी कोणाच्या दबावाने चित्र दिलंस? तुझ्यावर अन्याय झाला. तो तू उचललास आणि जाताना तुझ्या टेबलावर ठेवून गेलास. पुढे तिथे कोण बसेल ते तू पाहिलं नाहीस. बसली ती अंबरनाथच्या गिरणी कामगाराची मुलगी. तिने तुझं काय केलं होतं?

तू म्हणालास, पेपर मागे घेतला तर नोकरी जाईल, घराचं काय. मी उठले ते त्या वाक्यावर. चहाही अर्धा ठेवला. तुझी आई लिफ्टने वर येत नाही. मला वाटतं तिला कानाचं काही नाही.

हे लिहायला नको होतं. लिहिलं आहे, खोडत नाही.

सात तारखेला सकाळी दहाला समिती. त्याआधी तू सरांना तीन चित्रं पाठव. नाही पाठवलीस तरी मी उभी राहणार आहे. फक्त माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवायचा की नाही, ते तुझ्या हातात आहे.

विनिता

संस्थेत, मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेर
११ नोव्हेंबर २०२५

रत्नदीप,

तुझा ईमेल सात तारखेला नऊ वाजून वीस मिनिटांनी आला. तिन्ही चित्रं, आणि पेपर मागे घेण्यासाठी नियतकालिकाला पाठवलेल्या पत्राची प्रत. सरांनी तो समितीच्या खोलीत शिरताना फोनवर वाचला. दारातच थांबले. जगनला पाणी आणायला सांगितलं.

समितीत मला बोलावलं नव्हतं. मी आत गेले आणि भिंतीशी उभी राहिले. सर म्हणाले, “विनिता, हे विद्यार्थ्यांचं आहे.” मी म्हटलं, स्लाइड माझ्या हातची आहे. मग सगळं सांगितलं. पूजा, बोट, काचेची कड, दोन्ही वर्षं. बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, चौदा वर्षांच्या ऑपरेटरला हळद चमकते हे माहीत नव्हतं? मी म्हटलं, माहीत होतं. पण माझ्या हाताला लागलेली हळद चमकेल असं वाटलं नाही. कोणी हसलं नाही.

अक्षदाची नोंदणी राहिली. ठिपके नाहीत हेच आता तिचं काम. शिवाय हळदीचा उजेड मोजून वेगळा कसा काढायचा, तो एक भाग. त्या बाई म्हणाल्या, या देशातल्या निम्म्या प्रयोगशाळांना हे लागेल. सर म्हणाले, मी पहिल्यापासून सांगत होतो, मुलगी मेहनती आहे. खरंच म्हणाले. मला माझ्या कामाबद्दल लेखी खुलासा द्यायला सांगितलं आहे. देणार आहे.

हे तुला कळवायचं होतं. पण पत्र त्यासाठी नाही.

समिती संपल्यावर अक्षदा जिन्यात भेटली. मला वाटलं ती आभार मानेल. काय बोलायचं ते मी ठरवूनही ठेवलं होतं. तिने विचारलं, “मॅम, तुम्हाला एक ऑक्टोबरलाच कळलेलं ना?”

मी एक पायरी खाली उतरले.

“मी तीन तारखेला मोजमापाचा वेळ मागितला. तुम्ही म्हणालात जोडयंत्र बंद आहे. बंद नव्हतं. मी आज रजिस्टर बघितलं. चार तारखेला दुसऱ्या लॅबचं काम झालंय त्यावर.”

एक तारखेला संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मशीन बंद करत होते. स्लाइड उचलली. काचेच्या कडेला पिवळा डाग होता, माझ्या बोटाच्या पेराएवढा. मी तो पाहिला. कापसाला स्पिरिट लावून पुसला. स्लाइड डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी तुला लिहिलं की ठिपके आले, तू खरा होतास, हा विषय संपला, उत्तर लिहू नकोस. मला तेव्हा माहीत होतं. नीट नाही, पण पुसण्याइतकं माहीत होतं. मुलीने घरी फोन केला होता. सर पेढे वाटत होते. मला वाटलं, जाऊ दे, समिती होऊ दे, मग बघू.

अक्षदाने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, आठ.

“आठ दिवस मी घरी रोज फोन केला, मॅम,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिने तो चढवला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाली, मंगळवारी नऊचा वेळ माझा. सगळं मी लावीन. तुम्ही बाहेर बसा.

आज मंगळवार. मी बाहेर बसले आहे. दारावरचा लाल दिवा लागला आहे, म्हणजे आत लेझर चालू आहे. चौदा वर्षांत या बाकावर मी पहिल्यांदा बसते आहे. इथून आतलं काही ऐकू येत नाही.

तुझी वर्षं आणि माझे आठ दिवस यांत फरक आहे. मी आजही तसंच म्हणते. तू पोट भरलंस त्यावर, मी भरलं नाही. पण सकाळपासून मी तो फरक मनात तीनदा मोजला, आणि तीनदा मोजावा लागला याचा राग मला तुझाच येतो आहे. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. फक्त आता तो एकट्या तुझ्यावर ठेवता येत नाही.

दिवा विझला. थांब.

ती बाहेर आली. हातमोजे काढत होती. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, “नाहीत. एकही नाही. उपाशी ठेवल्या, तरी नाहीत.” आणि हसली, पहिल्यांदा, तीन वर्षांत जशी कधी हसली नव्हती तशी. मी उठून दाराकडे गेले. तिने दार ओढून घेतलं आणि म्हणाली, अजून दोन स्लाइड बाकी आहेत.

विनिता